उद्योगातला पाहुणा वर्गात येतो तेव्हा



बी.कॉम., बी.बी.ए. किंवा एम.बी.ए. शिकणारे मूल घरात असेल, तर पुढचा संवाद आपल्या परिचयाचा असेल. अम्मी विचारते, "आज कॉलेजात काय झालं?" उत्तर येते, "काही नाही. सेमिनार होता. कुठल्या तरी कंपनीचे साहेब आले होते. हजेरी लागणार होती म्हणून बसलो."

वाणिज्य आणि व्यवस्थापन शिकवणाऱ्या बहुतेक महाविद्यालयांत आता असे कार्यक्रम होतात. कुठे त्याला गेस्ट लेक्चर म्हणतात, कुठे इंडस्ट्री इंटरॅक्शन, कुठे चर्चासत्र. पद्धत साधारण एकच असते. विद्यार्थ्यांना सभागृहात बसवले जाते. पाहुण्यांना पुष्पगुच्छ दिला जातो. ते तासभर बोलतात. शेवटी सूत्रसंचालक विचारतो, "कुणाला काही प्रश्न?" सगळे एकमेकांकडे बघतात. एखादा धीट मुलगा उठून "सर, यशाचं रहस्य काय?" असे विचारतो. टाळ्या होतात, फोटो निघतात, चहा होतो आणि पाहुणे निघून जातात.

हा तास "काही नाही" म्हणून सोडून देणे आपल्या घरांतल्या मुलांना परवडणारे नाही, हे या महिन्याच्या सदरात सांगायचे आहे. ज्याचे वडील बँकेत अधिकारी आहेत, मामा कंपनीत मॅनेजर आहेत, त्याला हे जग घरी जेवताना कानांवर पडते. पण ज्याच्या अब्बूंचे गॅरेज आहे, बेकरी आहे, शिलाईचे दुकान आहे किंवा हातगाडी आहे, आणि ज्या घरातून पहिल्यांदाच कुणी पदवीला गेले आहे, त्या मुलाला एखाद्या कंपनीत निर्णय घेणारा माणूस समोरासमोर भेटण्याची ही पहिलीच संधी असू शकते. ती वाया जाऊ नये म्हणून काय करता येईल, ते पाहू.

मूळ पद्धत तीन बैठकांची होती

उद्योगातल्या माणसांना वर्गात बोलावण्याची कल्पना आजची नाही. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाने १९०८ मध्ये व्यवसाय शिक्षणाची स्वतंत्र शाळा सुरू केली, तेव्हा शिकवायचे काय आणि कसे, हा प्रश्नच होता. कायद्याच्या विद्यार्थ्यांना जुने खटले होते, वैद्यकीय विद्यार्थ्यांना रुग्ण होते. व्यापार शिकणाऱ्याने कशावर हात बसवायचा? पाठ्यपुस्तके फारशी नव्हती.

१९११-१२ च्या सुमारास तिथे आर्च शॉ नावाच्या शिकागोच्या प्रकाशक-उद्योजकाने व्यवसाय धोरण हा विषय शिकवायला घेतला. त्यांनी प्रत्यक्ष धंद्यातल्या माणसांना वर्गात आणले, पण भाषण देण्यासाठी नव्हे. पहिल्या बैठकीत तो व्यावसायिक स्वतःच्या धंद्यातली एक खरी अडचण मांडायचा आणि विद्यार्थी त्याला प्रश्न विचारून माहिती काढून घ्यायचे. दोन दिवसांनी प्रत्येक विद्यार्थी त्या अडचणीचा विचार करून आपला उपाय लिहून आणायचा. त्यानंतर आणखी दोन दिवसांनी तो व्यावसायिक परत यायचा आणि मुलांनी लिहिलेल्या कागदांवर वर्गात चर्चा करायचा. म्हणजे अडचण, उत्तर आणि त्यावर चर्चा, अशा तीन बैठका.

यात आपल्या सेमिनारमध्ये नसलेल्या दोन गोष्टी आहेत. पहिली म्हणजे पाहुणा आपल्या यशाची नव्हे, अडचणीची गोष्ट सांगतो. दुसरी, आणि जास्त महत्त्वाची, म्हणजे तो विद्यार्थ्याचे काम बघतो. भाषणात पाहुण्यासमोर दोनशे चेहरे असतात. त्यातला एकही त्याच्या लक्षात राहत नाही. पण ज्याने त्याच्या अडचणीवर दोन पाने नीट लिहून आणली, त्याचे नाव त्याला आठवते.

पुढे याच विचारातून प्रत्यक्ष व्यवसायातली प्रकरणे लिहून काढून वर्गात चर्चेला घेण्याची पद्धत रूढ झाली. आपल्याकडे १९६१ मध्ये अहमदाबादची आय.आय.एम. सुरू झाली, तेव्हा सुरुवातीच्या काळात तिला हार्वर्डचे सहकार्य होते आणि ही पद्धतही तिथून आली.

मुंबईची परंपरा

मुंबईला हा विचार परका नाही. १९१३ मध्ये सुरू झालेले सिडनहॅम कॉलेज आशियातले पहिले वाणिज्य महाविद्यालय म्हणून ओळखले जाते. बंदर, कापड गिरण्या, बँका आणि बाजार यांच्या शहरात व्यापाराचे शिक्षण हवे, ही त्यामागची साधी गरज होती. १९६५ मध्ये मुंबई विद्यापीठाने अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सहकार्याने जमनालाल बजाज व्यवस्थापन संस्था स्थापन केली. चर्चगेटजवळची ही संस्था आकाराने मोठी नाही, पण कंपन्यांमध्ये प्रत्यक्ष काम करणारी माणसे तिथे येऊन शिकवतात, अशी तिची ख्याती आहे. दिवसा बँकेत किंवा कारखान्यात निर्णय घेणारा माणूस त्याच निर्णयाविषयी वर्गात बोलतो, तेव्हा पुस्तकातला धडा आणि बाजारातला व्यवहार यांतले अंतर कमी होते.

स्टॅनफर्डमध्येच उद्योजकांची एक व्याख्यानमाला गेली अनेक वर्षे चालू आहे. दर आठवड्याला एक उद्योजक किंवा गुंतवणूकदार येतो आणि तासाभराचे सत्र होते. विद्यार्थ्यांना त्याचे एक श्रेयांक मिळते. म्हणजे तो अभ्यासक्रमाचाच भाग आहे, वर्षातून एकदा होणारा सोहळा नाही. या व्याख्यानांच्या ध्वनिचित्रफिती इंटरनेटवर विनामूल्य ठेवलेल्या आहेत. परभणीतल्या किंवा मिरजेतल्या मुलीलाही त्या मोबाइलवर ऐकता येतात. इंग्रजी कानावर बसावे म्हणून तरी आठवड्याला एक ऐकावे.

आपल्या देशात विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' ही तरतूद आणली. आपल्या क्षेत्रात किमान १५ वर्षांचा अनुभव असलेल्या, शक्यतो वरिष्ठ पदावर काम केलेल्या तज्ज्ञाला पीएच.डी. किंवा नेट नसतानाही महाविद्यालय काही काळ शिकवायला नेमू शकते. अशा नेमणुका मंजूर पदांच्या १० टक्क्यांहून अधिक नसाव्यात आणि कमाल मुदत चार वर्षांची असावी, अशी अट आहे. याचा अर्थ, उद्योगातल्या माणसाला वर्गात आणायला आता नियमांची अडचण नाही. त्याच्या येण्याचा उपयोग करून घेणे शिक्षक, विद्यार्थी आणि पालक यांच्या हाती आहे.

ओळख का लागते?

"नोकरी ओळखीनं मिळते" हे वाक्य आपण अनेकदा तक्रारीच्या सुरात म्हणतो. त्यात वशिल्याची भावना असते. पण ओळख म्हणजे नेहमी वशिलाच असतो असे नाही. जागा रिकामी आहे, त्या कामाला काय येणे लागते, अर्ज कुठे करायचा, ही बातमी कानावर येणे हीसुद्धा ओळखच.

मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये याविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. बोस्टनजवळच्या न्यूटन गावात नुकतीच नोकरी बदललेल्या लोकांना त्याने विचारले, की ही नोकरी ज्या ओळखीतून कळली, त्या व्यक्तीला तुम्ही किती वेळा भेटत होता? आठवड्यातून दोनदा किंवा अधिक भेटणाऱ्यांकडून नोकरी कळली असे सांगणारे सुमारे १७ टक्केच होते. अधूनमधून भेटणाऱ्यांकडून कळली असे सांगणारे जवळपास ५६ टक्के आणि वर्षातून एकदा किंवा त्याहून कमी भेटणाऱ्यांकडून कळली असे सांगणारे सुमारे २८ टक्के. म्हणजे जिवलगांपेक्षा तोंडओळखीचे लोक जास्त उपयोगी पडले.

कारण सोपे आहे. आपले सख्खे भाऊ, चुलते, मोहल्ल्यातले मित्र यांना जे माहीत असते, ते बहुतेक आपल्यालाही माहीत असते. ते आपल्यासाठी जीव टाकतील, पण त्यांचे जग आणि आपले जग एकच आहे. लांबच्या ओळखीचा माणूस दुसऱ्या जगात वावरतो, म्हणून त्याच्याकडे दुसरी बातमी असते. २०२२ मध्ये लिंक्डइनवरच्या सुमारे २ कोटी लोकांच्या माहितीवर आधारलेला एक मोठा अभ्यास 'सायन्स' या नियतकालिकात आला. त्यातही नोकरी बदलायला फार जवळच्या नव्हे, तर माफक लांबच्या ओळखी अधिक कामी आल्याचे दिसले.

आता आपल्या वस्त्यांकडे पाहा. आपल्याकडे नात्यांची कमतरता नाही. लग्नाला पाचशे माणसे सहज जमतात. एकाला हॉस्पिटलात ठेवले तर दहा जण रात्रभर बाहेर बसतात. ही मोठी दौलत आहे आणि ती जपलीच पाहिजे. पण या पाचशेंमध्ये विमा कंपनीत जोखीम मोजणारा, निर्यातीची कागदपत्रे करणारा किंवा कंपनीच्या खरेदी विभागात बसणारा माणूस एखादाच सापडतो. मुलगा हुशार असूनही कोणत्या कामाला काय म्हणतात हेच त्याला कळत नाही. मग एम.बी.ए. करूनही तो एकाच प्रकारच्या नोकऱ्यांसाठी अर्ज करत राहतो, कारण बाकीच्या असतात हेच त्याच्या कानावर आलेले नसते.

सेमिनारला आलेला पाहुणा म्हणजे अशी लांबची ओळख, तीही कॉलेजने दारात आणून दिलेली. फक्त नुसते समोर बसल्याने ओळख होत नाही. ती करावी लागते.

आधी, दरम्यान आणि नंतर

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, हा भाग तुमच्यासाठी.

सेमिनारची सूचना लागली की पाहुण्याचे नाव आणि कंपनी वहीत लिहून घ्या. आदल्या रात्री अर्धा तास द्या. कंपनी काय विकते, कुणाला विकते, तिचे स्पर्धक कोण, गेल्या वर्षभरात तिच्याविषयी काय बातमी आली, एवढे पाहा. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल तर तिचा वार्षिक अहवाल तिच्या संकेतस्थळावर मिळतो. सगळा वाचू नका. सुरुवातीची दहा-बारा पाने पुरेत.

मग तीन प्रश्न लिहा. चांगला प्रश्न तो, ज्याचे उत्तर गुगलवर मिळत नाही आणि त्या माणसालाच देता येते. "यशाचं रहस्य काय?" या प्रश्नाला "मेहनत आणि जिद्द" याशिवाय दुसरे उत्तर नाही. त्याऐवजी असे विचारून पाहा. "तुमच्या विभागात नवीन आलेल्या पदवीधराला पहिले सहा महिने नेमकं कोणतं काम देता?" "त्यात बहुतेक मुलं कुठं अडकतात?" "आम्ही मार्केटिंगचा जो अभ्यासक्रम शिकतो, त्यातलं तुम्ही रोज काय वापरता आणि काय कधीच वापरत नाही?" "भरती करताना तुम्ही अर्जात आधी काय पाहता?" अशा प्रश्नांना पाहुणा भाषणातले वाक्य देऊ शकत नाही. त्याला आठवून, विचार करून बोलावे लागते आणि मग खरी माहिती बाहेर येते.

प्रश्न विचारायची भीती वाटते, विशेषतः इंग्रजीची. मुंबई, पुण्यातले पाहुणे बहुधा मराठी किंवा हिंदी जाणतात. प्रश्न दोन वाक्यांचा असेल तर तो आधी लिहून, दोनदा मोठ्याने म्हणून पाहा. तेवढ्याने जमते. तरीही सभेत उठून बोलणे जड गेले, तर चहाच्या वेळी पुढे होऊन विचारा. आपले नाव, वर्ग आणि गाव स्पष्ट सांगा. बोलणे दोन मिनिटांत संपवा, कारण मागे आणखी कुणी उभे असते.

पाहुणा बोलत असताना मोबाइल खाली ठेवा आणि वही उघडा. त्याने उच्चारलेले अनोळखी शब्द टिपून घ्या. वर्किंग कॅपिटल, व्हेंडर, लीड टाइम, कंप्लायन्स असे शब्द कानावर येतील. घरी येऊन त्यांचे अर्थ शोधा. सहा सेमिनारांनंतर तुमच्या वहीत त्या जगाच्या भाषेचा छोटा शब्दकोश तयार झालेला असेल. मुलाखतीत तो कामी येतो.

खरे काम त्यानंतर सुरू होते. दुसऱ्या दिवशी पाहुण्याला आभाराचा छोटा संदेश पाठवा. पत्ता नसेल तर विभागप्रमुखांमार्फत पाठवा. तो साधारण असा असावा:

"आदरणीय मॅडम, काल आमच्या महाविद्यालयात आपण केलेल्या मार्गदर्शनाबद्दल आभारी आहे. मी बी.कॉम. तृतीय वर्षाची विद्यार्थिनी. जुने ग्राहक टिकवणे नवे मिळवण्यापेक्षा स्वस्त पडते, हे आपण सांगितले. आमच्या घरच्या किराणा दुकानाची उधारीची वही मी त्या दृष्टीने पुन्हा पाहिली. त्यावर एक पान लिहिले आहे. आपल्याला वेळ असेल तेव्हा ते वाचून दोन शब्द कळवाल का?"

या संदेशात नोकरी मागितलेली नाही, शिफारस मागितलेली नाही. पाहुण्याचे एक वाक्य नीट ऐकले आणि त्यावर काहीतरी केले, एवढेच त्यात दिसते. दहा जणांना असा संदेश पाठवला तर कदाचित सहा-सात उत्तर देणार नाहीत. ते कामात असतात, त्याचा राग मानू नका. जे तीन उत्तर देतील, त्यांना चार-पाच महिन्यांनी आपली प्रगती कळवा. इंटर्नशिपची वेळ येईल तेव्हा विचारायला मग संकोच वाटणार नाही, आणि त्यांनाही तुम्ही अनोळखी वाटणार नाही.

पालकांना दोन शब्द

मुलगा किंवा मुलगी सेमिनारहून आली की "काय सांगितलं?" यापेक्षा "तू काय विचारलंस?" असे विचारून पाहा. घरात हा प्रश्न रोज होऊ लागला की मूल प्रश्न तयार करून जाऊ लागते. अम्मी-अब्बूंना विषय कळलाच पाहिजे असे नाही. "कंप्लायन्स म्हणजे काय रे?" असे त्यांनी विचारले आणि मुलाने सोप्या मराठीत किंवा हिंदीत समजावले, तर त्याचाच पाया पक्का होतो.

मुलींबाबत एक अडचण वारंवार ऐकायला येते. कामावरची माणसे दिवसा मोकळी नसतात, म्हणून असे कार्यक्रम अनेकदा संध्याकाळी ठेवले जातात. मुलीला यायला उशीर होतो, घरचे नको म्हणतात, आणि वर्गातली सर्वांत तयारीची विद्यार्थिनी नेमकी त्या दिवशी गैरहजर राहते. पालकांची काळजी खोटी नाही, पण उपाय आहेत. दोघी-तिघी मैत्रिणींनी मिळून जावे-यावे. भाऊ किंवा वडिलांनी त्या दिवशी न्यायला जावे. पालकांनी एकत्र येऊन महाविद्यालयाला लेखी विनंती करावी, की महिन्यातले किमान एक सत्र शनिवारी सकाळी किंवा ऑनलाइन ठेवा आणि वक्त्यांमध्ये नोकरी-व्यवसाय करणाऱ्या महिलाही बोलवा. पालकांनी मिळून विचारले तर महाविद्यालये ऐकतात. मुलींनी पुढचा पत्रव्यवहार फोनऐवजी ई-मेलवर ठेवावा आणि त्याची प्रत विभागातल्या शिक्षिकेला पाठवावी. म्हणजे संपर्कही राहतो आणि घरच्यांनाही निर्धास्त वाटते.

सावधगिरीचीही एक गोष्ट आहे. सेमिनारच्या नावाखाली कधी कधी कोर्स विकले जातात. "प्लेसमेंटची हमी", "आजच पाच हजार भरा, जागा मर्यादित" असे ऐकू आले की थांबावे. विद्यार्थ्यांना अनुभव सांगायला आलेला माणूस त्यांच्याकडून पैसे मागत नाही. नोकरी देणारी खरी कंपनी उमेदवाराकडून अनामत घेत नाही. प्रमाणपत्रांच्या गठ्ठ्यालाही फार महत्त्व देऊ नये. हजेरीची वीस प्रमाणपत्रे ठेवून मुलाखतीत "यातून काय केलंस?" या प्रश्नाला उत्तर नसेल, तर ती कागदेच राहतात.

उद्योगातला माणूस म्हणजे कोण?

आपल्या मनात 'इंडस्ट्रीतला माणूस' म्हटले की सुटाबुटातले साहेब उभे राहतात. मुंबईचे डबेवाले या कल्पनेला छेद देतात. पांढरी टोपी घातलेली ही माणसे सव्वाशेहून अधिक वर्षे रेल्वे, सायकल आणि डोक्यावरच्या पाट्या यांच्या बळावर घरचे जेवण वेळेवर कार्यालयात पोहोचवत आहेत. २०१० मध्ये हार्वर्डच्या बिझनेस स्कूलने त्यांच्या व्यवस्थेवर अभ्यासाचे प्रकरण लिहिले. देशातल्या अनेक व्यवस्थापन संस्थांनी त्यांच्या प्रतिनिधींना व्याख्यानासाठी बोलावले. डब्यांवरच्या खुणा, कामाची वाटणी, चूक झाल्यास जबाबदारी कुणाची, हे सगळे त्यांनी भावी मॅनेजरना समजावून सांगितले.

असे असेल, तर भिवंडीचा यंत्रमागधारक, कोल्हापूरचा चप्पल कारागीर, रत्नागिरीचा आंबा बागायतदार, कुर्ल्याचा भंगार व्यापारी यांना आपल्या महाविद्यालयात का बोलावू नये? मुंबईत अंजुमन-ए-इस्लामची व्यवस्थापन शिक्षणाची संस्था आहे, पुण्यात आझम कॅम्पसमध्येही आहे. अशा संस्थांच्या आसपासच धंद्यात चाळीस-चाळीस वर्षे काढलेली माणसे राहतात. त्यांना भाषण येणार नाही, पण अडचण सांगता येईल. तीन बैठकांच्या पद्धतीला तेवढेच लागते.

उदाहरण घेऊन पाहू. समजा, एका छोट्या यंत्रमागधारकाने पहिल्या बैठकीत सांगितले, "सूत मला रोखीनं घ्यावं लागतं. कापडाचे पैसे पार्टी तीन-तीन महिन्यांनी देते. कारागिरांची मजुरी आणि विजेचं बिल थांबत नाही. मी काय करू?"

विद्यार्थी घरी जाऊन शोधतात. त्यांना कळते, की सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे ठरलेल्या मुदतीत, आणि ही मुदत कितीही ठरवली तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत, द्यावेत असे २००६ चा कायदा सांगतो. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज देणे लागते. त्यासाठी उद्योगाची 'उद्यम' नोंदणी हवी. तक्रारीसाठी सरकारी पोर्टल आहे. २०२४ पासून प्राप्तिकराच्या नियमांतही असे आले, की मुदतीत पैसे न दिल्यास खरेदीदाराला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजा दाखवता येत नाही. मुले उत्साहाने लिहून आणतात, "नोंदणी करा, नोटीस द्या, व्याज मागा."

तिसऱ्या बैठकीत तो मागवाला हसून म्हणेल, "बेटा, कायदा बरोबर आहे. पण मी नोटीस दिली तर पुढच्या महिन्यात ती पार्टी शेजारच्या मागवाल्याकडं जाईल." आणि इथून खरा अभ्यास सुरू होतो. एकाच पार्टीवर किती अवलंबून राहायचे? चार लहान पार्ट्या बऱ्या की एक मोठी? लवकर पैसे देणाऱ्याला थोडी सूट दिली तर ती व्याजापेक्षा स्वस्त पडेल का? दहा मागवाल्यांनी एकत्र येऊन एकच मुदत ठरवली तर? या प्रश्नांना पुस्तकाच्या मागे उत्तरे नसतात.

यातून विद्यार्थ्याला कायदा आणि बाजार यांतले अंतर कळते. त्या मागवाल्यालाही उद्यम नोंदणीचा उपयोग कळतो, आणि त्याचा हिशेब मांडून देणारी दोन हुशार मुले त्याच्या ओळखीची होतात. उद्या त्याच्या सूत पुरवठादाराला हिशेबनीस हवा असेल, तर तो कुणाचे नाव घेईल?

या महिन्यात करण्यासारखे

विद्यार्थ्यांनी पुढच्या सेमिनारसाठी तीन प्रश्न लिहून ठेवावेत आणि त्यातला एक तरी विचारावा. दुसऱ्या दिवशी आभाराचा संदेश पाठवावा. शिक्षकांनी वर्षातल्या दहा सेमिनारांपैकी एक तरी तीन बैठकांचा करून पाहावा. त्याला सभागृह लागत नाही, पुष्पगुच्छ लागत नाही, तीस मुलांची एक खोली पुरते.

आणि आमच्या वाचकांपैकी जे स्वतः धंद्यात किंवा नोकरीत आहेत, मग ते गॅरेजवाले असोत, बँकेतले असोत, आखाती देशांतल्या कंपनीत काम करून परतलेले असोत, त्यांनी जवळच्या महाविद्यालयाच्या वाणिज्य विभागात एकदा जाऊन सांगावे, "मुलांना भेटायला मी तयार आहे. भाषण नको, माझी एक अडचण घेऊन येतो." वर्षातून तीन सकाळी एवढाच वेळ लागेल. ज्या मुलांच्या घरात वाट दाखवायला कुणी नाही, त्यांना तेवढ्याने आपल्या मोहल्ल्याबाहेरचा एक ओळखीचा माणूस मिळेल.